चित्र : इ. मुजावर

चाळकेवाडीच्या सड्यावर
पवनचक्कीचं पातं दर तीन-चार सेकंदांनी
कागदावरून सावली ओढून न्यायचं.
इलाहीभाई तेवढा वेळ पेन उचलून थांबायचे,
रस्ता ओलांडताना ट्रक जाऊ द्यावा तसे.

कराडात त्यांचं दुकान होतं.
खताचे बोर्ड, दवाखान्यांचे बोर्ड,
ट्रकच्या फाळक्यावर समोरासमोर दोन मोर.
मग फ्लेक्स आला
आणि रॉकेलच्या डब्यात उभे केलेले ब्रश
उभेच राहिले.
मी त्यांना कॉलेजात बोलावलं ते
‘प्रयोगशाळा’मधला उडालेला ळ दुरुस्त करायला.
त्यांनी तो ळ असा काढला
की मी माझं भिंग त्यांच्या हातात दिलं.

नियम सांगितले.
उजेड कायम डावीकडून, वरून.
सावली रेघांनी नाही, ठिपक्यांनी.
आभाळ नको. फुलपाखरू तर नकोच.
किड्यानं खाल्लेलं पान अख्खं करायचं,
कारण हे ह्या एका झाडाचं चित्र नाही,
जातीतल्या सगळ्या झाडांचं आहे.
ते म्हणाले, “म्हणजे फोटो नाही, पाटी.”
मला नीट कळलं नाही, तरी मी हो म्हटलं.

वायतुरा पाहून मात्र हसले.
घोटाभर पाण्याच्या डबक्यात
एका देठाला फुटलेले दोन तुरे, जांभळट गुलाबी.
“मॅडम, हे तर अक्षर आहे.
लिहून ठेवलेलंच आहे. आपण नुसतं गिरवायचं.”
आणि पँटीसकट चिखलात बसले,
मांडीवर फळी घेऊन.

ठिपका. ठिपका. पातं. ठिपका.

मेंढरं सोडून एक पोरगं मागं येऊन उभं राहिलं.
त्यानं कागद बघितला, डबकं बघितलं,
पुन्हा कागद.
“पानी कुटं हाय?”
पाणी काढायचं नसतं, मी म्हटलं.
“मग ते जगंल कसं?”
इलाहीभाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी वहीत तापमान लिहीत होते.

तीनच्या सुमाराला, भिंगातून डोळा न काढता,
ते म्हणाले, “पुंकेसर सात आहेत.”
“सहा असतात.”
“ह्यात सात आहेत.”
ढग उतरत आले होते,
खाली जाणारी गाडी चुकली असती.
माझ्या वहीत सहा होतं,
माझ्या सरांच्या वहीतही सहा.
मी भिंग हातात घेतलं नाही.
“सहाच काढा.”
काढले.
एकेक असा काढला
की मलाही शंका येऊ नये.

लेख छापून आला.
चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात त्यांचं नाव.
ते त्यांनी पाहिलंच नाही.
कोपऱ्यातल्या मोजपट्टीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले,
“इथं शाई फुटलीय.”

ह्या मार्चमध्ये मी निवृत्त होणार, म्हणून
कपाटं आवरतेय.
कागदावर चिकटवलेला वायतुरा
चहाच्या चोथ्यासारखा झालाय,
कुठलंही गवत म्हणून खपेल.
फुलं गळून शेजारच्या छोट्या पाकिटात.
चित्रातला मात्र ओला आहे अजून, पाण्याशिवाय.
उलटा केला कागद.
मागे पेन्सिलीनं,
पट्टी न लावता ओढलेल्या सरळ शिरोरेघेखाली:
ह्यात सात होते.

फोन त्यांच्या मुलानं उचलला.
मागे फ्लेक्सच्या मशीनचा आवाज.
म्हणाला, अब्बांना आता दिसत नाही,
काही काम होतं का?

वाळलेलं फूल गरम पाण्यात पुन्हा उघडतं,
हे दरवर्षी पोरांना मीच शिकवते.
पाकीट टेबलावर आहे.
भिंग पुसून ठेवलंय.
पाणी हीटरवर.